अर्थ न सांगता

अटी वाचताना मी प्रथम वयाची अट पाहिली. सत्तरीच्या आतील शिक्षकांना अर्ज करता येत होता. तिथे मी बसत होतो. पदवी, अध्यापनाची पदवी, माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवल्याचा दीर्घ अनुभव, प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला, पासपोर्ट. यांपैकी पासपोर्ट तेवढा नव्हता, आणि तो मिळवता येतो. काम तीन महिन्यांचे होते. व्हिएतनाममधील एका भातपिकाच्या जिल्ह्यात जाऊन तिथल्या शाळाशिक्षकांना इंग्रजी शिकवायचे. राहण्याची सोय त्यांची.

शेवटची अट मी दोनदा वाचली. उमेदवाराने आपला एक पाठ चित्रित करून पाठवावा. चित्रण सलग असावे, त्यात काटछाट नसावी. विद्यार्थ्यांना उमेदवाराची भाषा येत नसावी, आणि संपूर्ण पाठात इंग्रजीखेरीज अन्य भाषेचा वापर होऊ नये. पाठ पसंत पडल्यास मुलाखत.

ज्या मोबाईलवर मी हे वाचत होतो, तो माझा नव्हता. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा होता. आसगावच्या ज्या शाळेतून मी निवृत्त झालो, तिथे आज ती माझ्याच जागेवर इंग्रजी शिकवते. ही जाहिरात तिनेच शोधून आणली होती आणि आमच्या ओसरीवर बसून ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"भरून टाकू काय जी सर?"

"विचार करू."

"विचार कायचा? सगळ्या अटीत तुमी बसता."

शेवटच्या अटीवर बोट ठेवून मी तिला काही दाखवले नाही. मोबाईल परत दिला. 

आमच्या भागात इंग्रजी कसे शिकवले जाते, हे इथे सांगणे आवश्यक आहे. शिक्षक पुस्तकातील एक वाक्य वाचतो. मग 'म्हणजे' असे म्हणून त्याचा मराठी अर्थ सांगतो. मुले तो अर्थ एका सुरात म्हणतात. मग पुढचे वाक्य. मी असाच शिकलो आणि असेच शिकवले. पद्धत वाईट होती असे मी म्हणणार नाही. घरी धान, ढोरे आणि झाडीबोली एवढेच कानावर पडणाऱ्या मुलाला इंग्रजीपर्यंत नेणारी दुसरी वाट आमच्याजवळ नव्हती. मुले उत्तीर्ण झाली. काही पुढे गेली.

परंतु एक गोष्ट खरी होती. एवढ्या सेवेत मला कुणी इंग्रजीत प्रश्न विचारला नव्हता. तपासणीला येणारे साहेब मराठीत बोलत. इंग्रजी शिक्षकांची प्रशिक्षणे मराठीत होत. दोन इंग्रजीचे शिक्षक भेटले तर तेही आपापसांत इंग्रजी बोलत नसत. तसे करणाऱ्याला शिष्ट समजले जाई. ज्याला माझ्यापर्यंत केवळ इंग्रजीतूनच पोहोचता येईल, असा माणूस मला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. तो भेटला तर माझ्या तोंडून काय निघेल, हे मला माहीत नव्हते.

निरोपसमारंभात मला इंग्रजीचा जाणकार म्हटले गेले. हार घातला गेला. त्या दिवसापासून ही शंका मनात होती. ती खरी की खोटी, हे जाणून घेण्याची ही शेवटची संधी होती. पैशाची गरज नव्हती आणि प्रवासाची हौस मला कधीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थिनीला होकार कळवला.

पत्नीला सांगितले तेव्हा ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"किती दिवस?"

"तीन महिने."

"कोनत्या महिन्यात?"

"आषाढापासून."

सूप थांबले. "रोवन्याच्या टायमाले? अन् इकडचा रोवना कोन पाहीन?"

आमच्याकडे भाताच्या लावणीला रोवणा म्हणतात. मी म्हणालो, "तुझा भाऊ दिघोरीहून येईल. तिकडेही धानच लावतात."

"मंग इथचंच लावा ना जी. धान पाहाले एवढ्या दूर कायले जाऊन राह्यले?"

 तिने पुन्हा सूप हाती घेतले आणि बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता, विचारले, "भेव लागते काय?"

"नाही," मी म्हणालो.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. चौकातल्या चहाच्या टपरीवर शाळेत माझ्याबरोबर शिकलेला एक जुना सोबती बसलेला असतो. त्याने मला लांबूनच गाठले.

"काय मास्तर, फॉरेनले चालले म्हन्ते! तिकडे बेंडके खातेत म्हन्ते जी. तुमाले तर वांग्याची भाजी पचत नाई."

"अजून निवड झालेली नाही."

"होते ना! तुमाले कोन पाडते? अख्ख्या तालुक्याले इंग्रजी तुमीच शिकवलं. तिकडच्याईले म्हनाव, आमचे मास्तर बोलले का डिक्शनरी बंद करून ठेवजा."

टपरीवरचे सर्व हसले. त्यात विश्वास होता, चेष्टा थोडीच होती. मला तो विश्वासच जड झाला. आता माघार घेणे म्हणजे या सर्वांना कारण सांगणे, आणि कारण एकच होते.

सराव म्हणून एका दुपारी आम्ही शाळेत गेलो. उन्हाळ्याची सुट्टी होती. किल्ली विद्यार्थिनीकडे होती. तिने मोबाईल बाकावर टेकवून ठेवला आणि स्वतः पहिल्या बाकावर विद्यार्थी होऊन बसली. मी काही वस्तू घेऊन एक साधा पाठ दिला. मला वाटले, पाठ बरा झाला.

ती उठली नाही. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सर, मराठी आली."

"कुठे?"

"सगळीकडेच."

"मी एक शब्दही मराठी बोललेलो नाही."

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. मी ऐकले. आवाज माझा होता. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागून 'म्हणजे' येत होते आणि त्यामागून अर्थ. एकही वाक्य सुटले नव्हते. ते उच्चारल्याचे मला स्मरण नव्हते.

झोपेत आपण घराबाहेर हिंडतो, असे एखाद्याला दुसऱ्याने सांगावे आणि पायांची माती दाखवावी, तशी माझी अवस्था झाली. इंग्रजी येत नाही ही भीती मी समजू शकत होतो. माझे तोंड माझ्या नकळत बोलते, ही भीती नवी होती.  

त्यानंतर मी सकाळी शेताच्या बांधावर जाऊन सराव करू लागलो. आमची म्हैस समोर असे. तिला मी इंग्रजीत वस्तू दाखवत असे. तिथे 'म्हणजे' येत नसे. अर्थाची अपेक्षा नसलेला श्रोता समोर असला की जीभ ताब्यात राहते, एवढा निष्कर्ष मी काढला. तो अपुरा होता.

अडचण दुसरीही होती. मराठी न येणारे विद्यार्थी आसगावात आणायचे कुठून? हिंदी भाषक चालणार नव्हते, कारण हिंदी मलाही येते आणि त्यांना माझी मराठी निम्मी समजते. हा प्रश्न बोअरवेलच्या गाडीने सोडवला. आमच्या चुलत भावाच्या शेतात बोअर मारणे चालू होते. अशा गाड्या दरवर्षी उन्हाळ्यात तमिळनाडूहून येतात. गाडीवर चार माणसे होती. खोदताना त्यांचा हॅमर खडकात अडकून तुटला होता आणि नागपूरहून सुटा भाग येईपर्यंत ते सर्व गाडीच्या सावलीत बसून होते. पाणी, पैसा, रोटी, एवढीच हिंदी त्यांना येत होती.

विद्यार्थिनी स्वतः जाऊन हातवारे करून त्यांना शाळेत येण्याचे सांगून आली. पत्नीने त्यांच्यासाठी जेवण केले. चौघे अंघोळ करून, केस ओले असतानाच, शाळेत आले. सर्वांत वडील माणूस माझ्याच वयाचा असावा. मिशा पांढऱ्या होत्या आणि उजव्या हाताचे एक बोट अर्धे होते. त्यांचे गुडघे बाकात मावत नव्हते. तरी ते चारही जण आठवीच्या मुलांसारखे सरळ बसले आणि माझ्याकडे पाहू लागले.

मी टेबलावर दोर, बादली, विळा आणि पाण्याने भरलेला गडवा मांडला. विद्यार्थिनीने बोटाने खूण केली. चित्रण सुरू झाले.

फळ्याकडे पाठ करून मी त्या वर्गात हजारो वेळा उभा राहिलो असेन.  मी दोर उचलला.

"धिस इज अ रोप. म्हणजे हा दोर आहे."

मी ते ऐकले. या वेळी मी ते स्वतः ऐकले. पण सावरण्याच्या आत चौघांनी, वर्गातील मुलांच्याच सुरात, मोठ्याने म्हटले:

"धिस इज अ रोप म्हंजे हा दोर आये!"

संपूर्ण वाक्य त्यांना इंग्रजी वाटले होते. ते आज्ञाधारक विद्यार्थी होते. शिक्षकाने जे दिले ते त्यांनी पूर्ण घेतले होते. मोबाईलच्या मागे विद्यार्थिनीने खाली मान घातली.

मी दोर ठेवला. बादली उचलली. "धिस इज अ बकेट," म्हणालो आणि दात घट्ट आवळले.

वर्गात शांतता पसरली. चौघे उरलेल्या वाक्याची वाट पाहत होते. त्यांतील एकाला वाटले की मी विसरलो. त्याने मला मदत केली.

"म्हंजे?"

मी मान हलवून नाही म्हटले. माझ्या तोंडात अर्थ तयार होता, आणि तो मी दाराला पाठ लावून ढोर थोपवावे तसा थोपवून धरला होता.  पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आजवर मी कुठल्याही वर्गात अशी शांतता राहू दिली नव्हती. वाक्य संपताच मी अर्थ देत असे, मुले तो परत देत, आणि त्यांना समजले की नाही, हे पाहण्याची वेळ माझ्यावर येत नसे. आता चार चेहरे समोर होते आणि त्यांवर काही उमटेपर्यंत मला उभे राहायचे होते. काही उमटलेच नाही तर मी तिथेच संपणार होतो.

पांढऱ्या मिशांचा माणूस बाकातून उठला. जवळ येऊन त्याने बादलीत डोकावले, ती उलटी करून इतरांना दाखवली.

"बकेट," तो म्हणाला. "वॉटर नो."

मी गडव्यातले पाणी बादलीत ओतले. "नाऊ?" मी विचारले.

"वॉटर!" चौघे म्हणाले. एक जण हसला.

पुढचा पाठ मला तुकड्यातुकड्याने आठवतो. दोर बादलीला बांधला गेला. विळा एकाने हाती घेतला आणि कापण्याची क्रिया करून दाखवली. प्रत्येक वाक्यानंतर मी थांबलो आणि प्रत्येक वेळी तीच भीती पुन्हा आली. ती कमी झाली नाही. फक्त मी तिच्यासह उभा राहू शकलो.

शेवटी त्या वडील माणसाने माझ्याकडे बोट केले.

"सर. युवर वेल. हाऊ मेनी फीट?"

मला इंग्रजीत विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तो मी ऐकला आणि मला समजला. विहीर चाळीस फुटांची आहे, मे महिन्यात तिला पाणी नसते, असे मी इंग्रजीत सांगितले. त्याने गंभीरपणे मान हलवली आणि खालचा खडक काळा की पांढरा, हे विचारले. तेही मी सांगितले. चित्रण तिथे संपले.

चौघे गेल्यावर विद्यार्थिनी म्हणाली, "सर, उद्या पुन्हा घेऊ. ते पहिलं वाक्य सोडलं तर एकदम चांगलं झालं."

पण सुटा भाग त्याच संध्याकाळी आला. सकाळी मशीन सुरू झाले, दुपारी पाणी लागले आणि गाडी लाखांदूरच्या रस्त्याने पुढच्या गावाला निघून गेली. अर्जाची मुदत संपत आली होती.

"सुरुवातीचं कापून टाकू जी," विद्यार्थिनी म्हणाली. "कोनाले कळते?"

"अट काय आहे?"

"सलग पाह्यजे. पन सर, थोडंसंच तर आहे."

"सलग म्हणजे सलग."

"असंच पाठवलं तर तिथंच बाद करतीन ना तुमाले!"

"करोत."

हे मी कठोरपणे बोललो, पण धैर्याने नव्हे. पाठवण्याचे बटण दाबण्यास मी तिला सांगितले. स्वतः दाबले नाही. त्यानंतर उत्तर येईपर्यंत मी टपरीकडे गेलो नाही. चौकाला वळसा घालून शेतावर जात असे. अनोळखी माणसे कुठेतरी बसून माझा पाठ पाहत असतील, ते चौघे एका सुरात 'म्हंजे' म्हणत असतील आणि पाहणारे एकमेकांकडे वळत असतील, हे चित्र जेवताना समोर येई.

मुलाखतीचे बोलावणे आले. त्याच वर्गात, त्याच टेबलावर, विद्यार्थिनीने लॅपटॉप ठेवला आणि ती बाहेर व्हरांड्यात गेली. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्या पहिले वाक्य बोलल्या ते मला कळले नाही.  मी पुन्हा सांगण्याची विनंती केली. त्यांनी सावकाश सांगितले. त्या केवळ माझी प्रकृती विचारत होत्या.

अनुभवाविषयी चार प्रश्न झाले. मग तो प्रश्न आला. पाठाच्या आरंभी तुमचे विद्यार्थी जे म्हणतात त्यात इंग्रजी नसलेला भाग आहे. तिथे काय घडले?

या प्रश्नाचे उत्तर मी पाठ केले होते. भाषा निर्दोष होती. ते क्षणात नाहीसे झाले. एक शब्द उरला नाही. मी पडद्याकडे पाहत राहिलो. बाईंनी मला शब्द सुचवला नाही. त्या थांबल्या. मी बादली धरून जसा थांबलो होतो, तशाच त्या थांबल्या होत्या.

मग मी लहान लहान वाक्यांत सांगितले. आमच्या शाळेत शिक्षक अर्थ सांगतो. मीही तो सांगत आलो. तिथे सवयीने सांगितला गेला. विद्यार्थ्यांना ते इंग्रजी वाटले. म्हणून मी थांबलो. थांबताना मला भीती वाटली.

कशाची, असे त्यांनी विचारले.

विद्यार्थ्यांना समजणार नाही याची, मी म्हणालो. आणि त्यांनी काही विचारले तर मला समजणार नाही, याची.

त्यांनी काही लिहून घेतले. आमच्या शिक्षकांपुढे पहिल्या तासाला काय कराल, असे विचारले. मी म्हणालो, बादली नेईन. त्या हसल्या की नाही, हे पडदा मध्येच अडखळल्याने मला दिसले नाही.

निवड झाल्याचा निरोप पंधरवड्याने आला. विद्यार्थिनी धावत घरी आली, तिने वाकून नमस्कार केला आणि लगेच टपरीवर जाऊन सांगितले. सोबत्याने येऊन बेडकांची पुन्हा आठवण करून दिली. मेहुणा दिघोरीहून रोवण्यासाठी येण्यास कबूल झाला. पासपोर्ट आला. रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकून झाले आहेत. खाटेखाली बॅग भरलेली आहे आणि तिच्यात पत्नीने लोणच्याची बरणी कापडात बांधून ठेवली आहे.

काल सकाळी ती चहा घेऊन ओसरीवर आली. मी कपबशी हाती घेतली, वर धरली आणि तिला म्हणालो, "धिस इज टी."

ती पदराला हात पुसत उभी राहिली. मी पुढे काही बोललो नाही. कप बशीवर किणकिणत होता. तिने कपाकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे पाहिले.

"अन् म्हने, मले भेव लागत नाई," ती म्हणाली आणि माझा हात आपल्या हाताने धरून तिने कप बशीवर नीट टेकवला. "थंडा होऊन राह्यला. प्या आता."

मी चहा प्यालो.